वर्डलच्या कवितांबद्दल जरा सूचना

मंडळी, वर्डलमध्ये (रोज एक पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा ऑनलाइन गेम) टाकलेल्या शब्दांवरून तुमच्या कविता भारी येतायत, पण एक विनंती. वर्डलचं उत्तर त्या दिवशी सगळ्यांना सेमच असतं आणि नवा शब्द ज्याच्या त्याच्या घड्याळात रात्री 12 ला येतो, त्यामुळे कोणी पहाटेच सोडवून कविता टाकली की बाकीच्यांचा गेम खल्लास! काल दोघंतिघं वैतागले, आणि बरोबरच आहे त्यांचं. म्हणून आजची कविता रात्री 9 नंतरच टाका, तोपर्यंत फक्त हिरवे-पिवळे चौकोन (म्हणजे शब्द न दाखवता नुसता निकाल).

नियम जुनाच, तुम्ही टाकलेले शब्द त्याच क्रमाने कवितेत आले पाहिजेत, उत्तर शेवटी. नवीन लोकांसाठी सांगते, समजा तुमचे शब्द ट्रेन, पेंट, फेंट (train, paint, faint) असे पडले तर

ट्रेन सुटली, पेंट ओला,
शर्ट बघून राजा फेंट झाला

एवढं पुरे, छंद-वृत्त कोणी तपासत नाही, यमक ओढूनताणून असेल तर उलट जास्त मजा. ज्याला पहिल्या-दुसऱ्या झटक्यात उत्तर येतं त्याची कविता मात्र बिचारी दीड ओळीची होते, सहाव्या चान्सला रडतखडत पोचणाऱ्याचं खंडकाव्य! त्यामुळे इथे हुशार लोकांचं जरा नुकसानच आहे, इलाज नाही. सहाही चान्स गेले तरी लिहा, अशा वेळी शेवटच्या ओळीत त्या शब्दाला मनसोक्त शिव्या घालायची मुभा आहे (सभ्य शिव्या हं, ग्रुपवर लहान मुलंही आहेत).

आणि प्लीज, कोणाची कविता दुसरीकडे फॉरवर्ड करायची असेल तर आधी त्याला विचारा.