कॉन्वीची तटबंदी

मँचेस्टर,
रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

पाय ठणकतायत, पण आत्ता लिहिलं नाही तर राहूनच जाईल. काल वेल्समधल्या कॉन्वीला जाऊन आलो. 1.3 किलोमीटरचा तट, 21 बुरूज, 3 दरवाजे आणि आत नांदतं गाव. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेवरून, चालताना खाली कुणाच्या तरी परसात चादरी वाळत होत्या.

बुरूज मागून उघडे. मला आधी वाटलं, ढासळलेत. पण ते मुद्दामच तसे बांधलेत. प्रत्येक बुरुजाशी फांजी तुटते, तिथे पूर्वी लाकडी साकव असायचा. शत्रू तटावर चढलाच तर साकव काढून घ्यायचा, की तो तेवढ्याच तुकड्यात कोंडला. आणि हे ऐक, दक्षिणेकडच्या तटावर ओळीने 12 शौचकूप! सिंधुदुर्गावर शौचकुपांपाशी उभा राहून तू अर्धा तास व्याख्यान झोडलं होतंस, ते आठवून एकटाच हसलो.

पण खरी गंमत चर्चची. इथे आधी सिस्टर्शियन साधूंचा मठ होता, वेल्शांच्या थोरल्या लिवेलिन राजाला 1240 साली तिथेच पुरलं होतं. (त्या नावातला ‘ल’ मला अजून जमत नाही. जीभ टाळूला लावून कडेने फुंकर मारायची म्हणे.) 1283 साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकलं आणि किल्ल्यासाठी नेमकी हीच जागा धरली. साधूंची रवानगी केली नदीच्या वरच्या अंगाला, मायनानला. चर्च मात्र पाडलं नाही, नव्या इंग्रज वस्तीचं पॅरिश चर्च करून टाकलं. आत राहायला वेल्शांना मज्जाव. जागा हवी म्हणून एवढा खटाटोप केला असं मला नाही वाटत. राजाची समाधीच उचलायला लावली की मागे राहिलेल्यांनी कुठे माथा टेकायचा?

किल्ला आणि तट मिळून चारेक वर्षांत उभे राहिले, खर्च सुमारे 15,000 पौंड, तोही त्या काळचा. आणि गेला कसा? 1401 सालच्या गुड फ्रायडेला शिबंदी प्रार्थनेला गावातल्या त्याच चर्चमध्ये गेलेली. ट्यूडर भाऊ म्हणजे वेल्श बंडखोर, त्यांची माणसं सुतारकामाच्या मिषाने आत शिरली, पहारेकरी कापले आणि किल्ला वेल्शांच्या हाती! पुढे वाटाघाटी होऊन परत गेला, पण त्या दिवशी आपल्या मावळ्यांनीही टाळ्या वाजवल्या असत्या.

चर्चमध्ये जाऊन बसलो थोडा वेळ. एक आजी फुलं बदलत होत्या. मी लिवेलिनचं विचारलं, तर म्हणाल्या, तो इथे नाही, त्याची शवपेटी लॅनरूस्टला आहे. मठाबरोबर मायनानला गेली, मठ मोडल्यावर तिथून लॅनरूस्टच्या चर्चमध्ये. दगडी पेटी, झाकण नाही, आत काही नाही.

पुढच्या शनिवारी तिकडे जातोय. तुझे गुडघे बरे असतील तर उन्हाळ्यात ये, तट दोघांनी मिळून पालथा घालू.

तुझा,
दिग्या