नळ्यांचा पडदा लावायचाच, तर अंतर मोजून लावा

महोदय,

वर्धा रोड असो की कामठी रोड, उड्डाणपुलालगतच्या घरांतून आवाजाची ओरड झाली की भरीव भिंत किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रे सुचवले जातात. ठरावीक अंतरावर उभ्या केलेल्या नळ्यांच्या रांगा, हाही एक उपाय आहे. त्यातून वारा जातो, पण आवाजाचा ठरावीक पट्टा, म्हणजे ठरावीक वारंवारतांचा (सेकंदाला किती कंपने, हर्ट्झमध्ये) आवाज, मागे फिरतो. माद्रिदच्या एका पोलादी नळ्यांच्या शिल्पावर १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हे दिसले: नळी २.९ सेंमी जाड, अंतर १० सेंमी, आणि १६७० हर्ट्झला आवाज दबलेला.

सगळी करामत अंतराची आहे. आवाजाच्या वेगाला, दोन नळ्यांच्या केंद्रांमधल्या अंतराच्या दुपटीने भागले की अडणारी वारंवारता मिळते. टायरचा आवाज १००० हर्ट्झच्या आसपास सर्वाधिक, म्हणून अंतर १७ सेंमी. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप चालतो. मध्ये ६ सेंमी फट राहते. रांगा किमान तीन-चार हव्यात. एका रांगेने फक्त शोभा होते.

आता नागपूरचे ऊन. १० अंशांना आवाजाचा वेग सेकंदाला ३३७ मीटर, ४५ अंशांना ३५८; म्हणजे पट्टा ९९० वरून १०५० हर्ट्झवर सरकतो. त्याहून मोठा फरक तिरप्या आवाजाने पडतो. सरळ समोरून न येता ३० अंशांच्या कोनात येणाऱ्या आवाजासाठी पट्टा १५ टक्के वर जातो, आणि गाडी अगदी समोर असते ती क्षणभरच. अंतर वाढवले की पट्टा खाली येतो, तेव्हा १८-१९ सेंमीचाही नमुना उभारून मोजावा. तीन मीटरचा पीव्हीसी पाइप तापमानातल्या ३५ अंशांच्या फरकाने सहा-सात मिमी वाढतो. दोन्ही टोके घट्ट आवळली की तो बाक घेतो आणि अंतर बिघडते. खालचे टोक पक्के, वरचे सरकते ठेवावे. वर टोपण हवेच, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून डेंग्यूच्या डासांची सोय!

ट्रकच्या १०० हर्ट्झच्या घरघरीला हा पडदा पुरणार नाही. तिथे १.७ मीटर अंतर लागेल, ते कठड्यावर मावत नाही. नळीला उभी चीर पाडून काहीशे हर्ट्झपर्यंत उतरता येते, त्याखाली नाही.

म्हणून निविदेत 'आवाज कमी होईल' असे मोघम लिहू नये. पडद्याआधी आणि नंतर, घराच्या खिडकीपाशी, पट्ट्यागणिक मोजणी मागावी. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे; तेव्हा मोजणी रात्री १० नंतरचीही हवी.

– ध्वनी व कंपन विषयाचे अभ्यासक, नागपूर