टॅरो शिकणाऱ्यांना आधी भीती शिकवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत हल्ली राशिभविष्याच्या शेजारी टॅरोचं, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगतात त्याचं, सदर येतं आणि त्याखाली क्लासच्या जाहिराती, दोन दिवसात टॅरो मास्टर व्हा वगैरे, त्याबद्दल लिहितेय. मी स्वतः दीड वर्ष टॅरो शिकतेय, अजून नवखीच आहे, पण सुरुवातीला माझं जे झालं ते बाकीच्यांचं होऊ नये असं फार वाटतं म्हणून हे पत्र.

मी पण असाच एक ऑनलाइन क्लास लावला होता, शनिवार-रविवार, फी साडेचार हजार. पहिल्याच तासाला सांगितलं की पहिला डेक, म्हणजे या पत्त्यांचा जोड, स्वतः विकत घ्यायचा नसतो, कोणीतरी भेट द्यावा लागतो, आणि भेट देणारं कोणी नसेल तर आमच्याकडून सिद्ध केलेला घ्या, त्याचे वेगळे पैसे. टॅरो इजिप्तच्या देवळातून आलंय, काळ्या रेशमी कापडातच ठेवायचं, पाळीत हात लावायचा नाही, असंही सांगितलं. मग 78 कार्डांचे सरळ आणि उलटे असे 156 अर्थ पीडीएफमध्ये पाठवले, पाठ करा म्हणून. दुसऱ्या दिवशी सरावात आमच्यातल्या एका ताईंना डेथ कार्ड आलं, त्यांच्या मिस्टरांची त्याच महिन्यात अँजिओप्लास्टी झालेली, आणि मॅडम म्हणाल्या उपाय करून घ्या, अकरा हजार लागतील. ताईंनी काही न बोलता कॅमेरा बंद केला. मी पण तेव्हा गप्प बसले, याचं मला अजून वाईट वाटतं.

नंतर मी माझं माझं वाचायला लागले तेव्हा कळलं की टॅरो हा मुळात पत्त्यांचा खेळ, पंधराव्या शतकात उत्तर इटलीत मिलान, फेरारा या भागात सुरू झालेला. ज्याला आपण मेजर अर्काना म्हणून इतकं घाबरतो ती 22 पानं म्हणजे त्या खेळातले 21 हुकूम आणि एक ‘द फूल’ म्हणजे विदूषक, बास! उरलेली 56 तर आपल्या ओळखीचीच आहेत, कप म्हणजे बदाम, तलवार म्हणजे इस्पिक, काठी म्हणजे किलवर, नाणं म्हणजे चौकट, फक्त गुलाम आणि राणीच्या मधे एक घोडेस्वार जास्त म्हणून 13 ची 14 पानं होतात. हे कळल्यावर माझी अर्धी भीती तिथेच गेली. ज्या घरात सुट्टीत मेंढीकोट खेळून मोठे झालो तिथे पत्त्यांना काय घाबरायचं. इजिप्तची गोष्ट 1781 मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने पुस्तकात लिहिली, आणि तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली 1822 मध्ये. फ्रान्समध्ये आजही लोक टॅरो चार जणांत बसून खेळतात. आपल्याकडे सावंतवाडीला दशावतारी गंजिफाची 120 गोल पानं रंगवतात, प्रत्यक्ष विष्णूचे अवतार आहेत त्यावर, तरी ती खेळायचीच पानं, त्यांना हात लावायला कोणी घाबरत नाही.

आणि ज्या बाईने ही चित्रं काढली तिचं नाव आमच्या क्लासमध्ये एकदाही घेतलं नाही. आज बहुतेक नवीन लोक जो डेक घेतात तो 1909 मध्ये लंडनला छापला, आर्थर वेट या लेखकाची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथची चित्रं, पण वर्षानुवर्षं नाव चाललं ते प्रकाशक रायडर आणि वेट यांचं. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये कपचा पंजा म्हणजे नुसते पाच कप काढलेले असायचे, तिने प्रत्येक पानावर माणसं आणली, प्रसंग आणला, म्हणून तर आज नवख्या माणसाला कार्ड बघून काहीतरी सुचतं. मोठं काम झालं पण पैसे फार थोडे मिळाले असं तिने त्याच वर्षी एका पत्रात लिहिलंय, आणि 1951 मध्ये गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. जवळपास प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तिची वेलीसारखी वळलेली सही आहे, एकदा दिसली की मग दर वेळी दिसते.

शिकण्याबद्दल माझा अनुभव एवढाच की आधी चित्र बघा, पीडीएफ नंतर. माझ्या मोठ्या वहिनींना एकदा पाच कपचं कार्ड निघालं, काळा झगा घालून मान खाली घातलेला माणूस, पुढे तीन कप सांडलेले. त्यांच्या दुकानाचं तेव्हा नुकसान झालं होतं. मी पाठ केलेला अर्थ सांगणार, शोक, पश्चात्ताप, इतक्यात त्याच म्हणाल्या, अगं मागे दोन उभे आहेत की, आणि पलीकडे जायला पूल पण आहे. मग बराच वेळ त्या दुकानातलं काय शिल्लक आहे, कोणतं गिऱ्हाईक अजून येतं ते बोलत बसल्या. मी एक शब्दही सांगितला नव्हता. त्या दिवसापासून मी रोज सकाळी एकच कार्ड काढते, जे दिसतं ते वहीत लिहिते, रात्री परत वाचते आणि मगच पुस्तक उघडते. पुढे काय होणार हे कार्डाला कळतं असं मला वाटत नाही, आपण जे टाळत असतो ते मात्र त्याच्यासमोर बसलं की तोंडातून निघतं.

ते डेथ कार्डसुद्धा नीट बघा ना. पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, राजा आडवा पडलाय, हे खरं, पण त्याच्या हातातल्या झेंड्यावर पांढरं गुलाब आहे, एक लहान मूल न घाबरता त्याच्याकडे बघतंय आणि मागे दोन बुरुजांच्या मधे सूर्य आहे. शिकवणारे बहुतेक जण हे कार्ड म्हणजे एक टप्पा संपून दुसरा सुरू होणं असंच सांगतात, कोणाचा नवरा जाणार असं नाही. आजारी माणसाच्या बायकोला हे सांगायला किती वेळ लागला असता?

म्हणून विनंती आहे की सदरात नुसतं या आठवड्याचं कार्ड अमुक असं न छापता ते कार्ड मोठं छापा, खाली पामेला कोलमन स्मिथचं नाव टाका, आणि उपायाचे पैसे मागणाऱ्या क्लासच्या जाहिराती घेऊ नका. त्या ताईंचा नंबर माझ्याकडे नाहीये, पण त्या तुमचाच पेपर वाचतात असं क्लासमध्ये बोलल्या होत्या. ताई, वाचत असाल तर ते कार्ड पुन्हा एकदा काढून बघा, त्या मुलाकडे बघा.

आपली एक वाचक,
इचलकरंजी