फोन त्यांच्या हातातच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात नवीन फोनची माहिती नेहमी येते, कॅमेरा कसा, बॅटरी किती वगैरे, पण घरातल्या वयस्कर माणसाला तोच फोन शिकवायचा कसा यावर फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

माझी आई ७४ वर्षांची आहे. तिला स्मार्टफोन घेऊन दिला, सगळ्यांचे नंबर सेव्ह करून दिले आणि झालं आपलं काम असं आम्ही धरून चाललो. काही अडलं की ती विचारायची, मी "दे इकडे" म्हणून फोन घ्यायचे आणि दोन सेकंदात करून परत द्यायचे, तिला दिसायचं ते फक्त माझं भराभर पळणारं बोट. हळूहळू तिने विचारणंच सोडलं, "राहू दे, तूच लाव" म्हणायला लागली. मग एक दिवस मी बाहेरून सहा वेळा फोन केला, सहाही वेळा उचलला नाही, जीव अगदी टांगणीला लागला, धावत घरी आले तर ती फोन मांडीवर घेऊनच बसलेली. "अगं सारखा वाजत होता, मी हिरवं दाबत होते, पण उचललाच जाईना." तिच्या फोनवर ते हिरवं नुसतं दाबून चालत नाही, वर सरकवावं लागतं. हे मी तिला कधी सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगावं लागतं हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला, शिकवताना तिच्या फोनला हात लावायचा नाही. कितीही वेळ लागू दे, बोट तिचंच. आणि शेजारी शांत बसून बघितलं तेव्हा कळलं की तिचं कुठे अडतं. जुन्या फोनचं बटण दाबलं की खटकन लागायचं, त्यामुळे ती स्क्रीनसुद्धा जोर लावून दाबायची, आणि बोट तिथेच राहिलं की फोनला वाटतं लाँग प्रेस केलंय, मग आयकॉन हलायला लागतो नाहीतर भलताच मेनू उघडतो आणि ती घाबरून फोन खाली ठेवते. टच स्क्रीनला जोर लागतच नाही, बोटाच्या स्पर्शाने काचेवरचा विद्युतभार किंचित बदलतो तेवढं स्क्रीनला पुरतं, पण वयामुळे बोटांची त्वचा कोरडी झाली की तो स्पर्श कधीकधी नीट पकडला जात नाही. म्हणजे चूक आईची नव्हती! हे तिला समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा किती मोकळा झाला.

अँड्रॉइडमध्ये ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये "टच अँड होल्ड डिले", म्हणजे बोट किती वेळ टेकून राहिलं की लाँग प्रेस धरायचं तो वेळ, वाढवता येतो, तो वाढवला. अक्षरं मोठी केली, स्क्रीन लगेच बंद होऊ नये म्हणून टाइमआउट वाढवला, आणि सगळ्यात उपयोग कशाचा झाला असेल तर खालची तीन बटणं परत आणली त्याचा. हल्ली मागे जायला कडेवरून बोट सरकवावं लागतं, ते दिसत नाही तर लक्षात राहणार कसं, बटण डोळ्यासमोर असलं की माणूस धीराने पुढे जातो. आयफोन असेल तर २०२३ च्या आयओएस १७ पासून "असिस्टिव्ह ॲक्सेस" आहे, त्यात मोजकीच ॲप मोठ्या आकारात दिसतात.

बाकी तिची वही. एका पानावर एकच काम, तिच्याच अक्षरात, तिच्याच शब्दांत. "हिरवं वर ढकल" असं तिने लिहिलंय, मी त्यात "स्वाइप" घातलं नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. फसवणुकीच्या भीतीने आपण म्हाताऱ्या माणसांना फार रागावतो, "कशाला दाबलंस", "कुणी सांगितलं होतं तुला". आज रागावलो तर उद्या खरंच कुणी फसवून ओटीपी काढून घेतला तर ते आपल्याला सांगणार नाहीत, आणि अशा वेळी बँकेला कळवायला एकेक मिनिट महत्त्वाचं असतं. आमचं ठरलंय, समोरचा घाई करायला लागला की फोन कट करायचा आणि मला लावायचा, मी कामात असले तरी, आणि काही चुकलं असलं तरी मी ओरडणार नाही.

तर विनंती अशी की आठवड्यातून एकदा छोटासा चौकोन द्या. एका वेळी एकच काम, फोन उचलणे, फोटो पाठवणे, आवाज वाढवणे, मोठ्या टाइपात, चित्रासह. आईच्या वयाची माणसं पेपर रोज सावकाश वाचतात, कात्रणं जपून ठेवतात. आणि त्या चौकोनात खाली दोन ओळी कोऱ्या सोडा, आपल्या फोनवर ते बटण कुठे आहे हे त्यांना पेनाने लिहून ठेवता येईल.

आपली,
एक नियमित वाचक