ग्रामसभेच्या आधी, गायरानाबद्दल

ब्राझीलिया,
१८ एप्रिल

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

दादा म्हणाला, १ मेच्या ग्रामसभेत गायरानाचा विषय घेतलाय. पोकलेन लावून शंभरच्या शंभर एकरांत खड्डे घ्यायचे आणि झाडं लावायची, हा एक ठराव. दुसरा, 'कर्बाचे पैसे', म्हणजे जमिनीत कार्बन साठवल्याचा मोबदला, 'मिळवून देतो' म्हणून जो माणूस गावात येऊन गेला, त्याच्याशी वीस वर्षांचा करार करायचा. फोनवर असलं काही नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. दादाला सांगा, तालुक्याहून छापून आणून द्यायला. तुम्ही सभेत उठून बोललात तर लोक ऐकतील.

माझं म्हणणं आधीच सांगतो. गायरानावर गवत येऊ द्या. झाडं लावायचीच तर ओढ्याच्या काठाला आणि शिवेच्या बांधाला लावा. करारावर सही नको.

मी इथे जे काम करतो ते नेमकं याच विषयाचं आहे. सेराडो म्हणून जो माळरानाचा पट्टा आहे तो जवळपास वीस कोटी हेक्टरांचा. त्यातला फार मोठा भाग तोडून गेल्या पन्नास-साठ वर्षांत कुरणं केली आणि आफ्रिकेतून आणलेलं ब्रॅकियारिया नावाचं गवत पेरलं. पहिली काही वर्षं ते जोमानं वाढलं. मग जमिनीतला मूळचा कस संपला, खत कुणी दिलं नाही आणि गुरं मात्र तेवढीच राहिली, कधी वाढलीही. आता अशी लाखो हेक्टर जमीन पडल्यासारखी झाली आहे. मध्ये मध्ये उघडी लाल माती, गुरं तोंड लावत नाहीत अशी झुडपं, आणि कमरेएवढी वारुळं. वाळवीच्या वारुळांवरून इथले लोक लांबूनच सांगतात की हे कुरण गेलं.

त्यावर चरणारी बहुतेक गुरं नेलोरे जातीची, पांढरी, वशिंडाची. ही मुळात आंध्रातली ओंगोल. गीरही इथे भरपूर दिसते. मामांच्या इगतपुरीकडच्या डांगी बैलांची आठवण येते ती यांच्याकडे बघून. डांगीला तिथल्या तीन हजार मिलिमीटर पावसात जगायचं असतं, यांना सहा महिने कोरड्यात.

बिघडलेली कुरणं दुरुस्त करायचं काम ब्राझीलच्या सरकारने २०१० मध्ये मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. दीड कोटी हेक्टर कुरणं सुधारायची आणि त्यासाठी शेतकऱ्याला स्वस्त कर्ज द्यायचं, असा तो बेत होता. २०२३ च्या डिसेंबरात त्याहून मोठा कार्यक्रम जाहीर झाला, दहा वर्षांत चार कोटी हेक्टरांपर्यंत. आपलं अख्खं महाराष्ट्र राज्य तीन कोटी हेक्टरांच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. यामागे हिशेब असा की जुनीच जमीन सुधारली तर नवं जंगल तोडावं लागणार नाही. मला हा हिशेब पटतो.

आता मातीचं सांगतो. एकाच तारेच्या कुंपणाच्या अलीकडे बिघडलेलं कुरण आणि पलीकडे सुधारलेलं, अशा जागा आम्ही शोधतो. दोन्हीकडे चर खणायचा आणि लोखंडी कडी जमिनीत ठोकून ठरावीक आकारमानाची माती जशीच्या तशी काढायची. अलीकडे कडी ठोकताना हातोडा उलटा उडतो, वरचा थर इतका घट्ट झालेला असतो. आत मुळं तुरळक, तीही वरच्या चार बोटांत. पलीकडे कडी सरळ आत जाते. ढेकूळ हातात घेऊन फोडलं तर ते दाणेदार सुटतं, आणि प्रत्येक दाण्याला पांढरी केसासारखी मुळं गुंडाळलेली दिसतात. चराच्या तळाशी, मीटरभर खालीसुद्धा मुळं असतात. हा फरक दिसायला प्रयोगशाळा लागत नाही.

मृदा आरोग्य पत्रिकेवर 'सेंद्रिय कर्ब' म्हणून आकडा असतो ना, तोच हा. कांद्याच्या वावराची पत्रिका तुमच्याकडे आहेच. आकडा ०.५ च्या खाली असला की कमी म्हणतात. गायरानात हा कर्ब मुख्यतः मुळांतून येतो. गवत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर करतं, त्यातली बरीच मुळांकडे पाठवतं. जुनी मुळं मरतात, नवी येतात, काही रस मातीत पाझरतो. जिवाणू ते खातात, मरतात, आणि त्यांचे अवशेष मातीच्या बारीक कणांना चिकटून राहतात. हा भाग पुष्कळ वर्षं टिकतो. वर पडलेलं पान मात्र बहुतेक कुजून परत हवेत जातं.

आपलं गायरान कशानं गेलं तेही यावरून समजतं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बहुवर्षायू गवताचा ठोंब मुळांत साठवलेल्या अन्नावर कोंब काढतो. नेमकी त्याच वेळी सगळ्या गावाची शेळ्या-मेंढ्या, गुरं वर सुटतात. कोंब खाल्ला, दुसरा आला, तोही खाल्ला. साठा संपला की मूळ आखूड होतं आणि दोन-चार वर्षांत ठोंब मरतो. मग राहतात कुसळी, तरोटा आणि तरवड. तुम्हीच सांगायचात, बहात्तरच्या आधी गायरानात गुडघ्याएवढा पवना असायचा आणि मारवेलीच्या पेंढ्या बांधून घरी आणायचात. ते गवत गेलं त्याबरोबर जमिनीतली मुळं गेली, आणि पावसाचं पाणी मुरायचं थांबलं. ओढा आता पाऊस थांबला की आठवड्यात कोरडा पडतो, त्याचं एक कारण वर गायरानात आहे.

किती कर्ब जातो आणि किती परत येतो? हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीने, आयपीसीसीने, २००६ च्या मार्गदर्शिकेत ढोबळ गुणक दिले आहेत. फारच बिघडलेल्या कुरणाच्या वरच्या तीस सेंटिमीटरमध्ये मूळच्या सत्तर टक्केच कर्ब उरतो असं धरायचं. उष्ण प्रदेशातलं कुरण चांगलं सुधारलं तर मूळच्यापेक्षा सतरा टक्के जास्त धरायचा. आणि हा बदल व्हायला वीस वर्षं. जगभराच्या मोजण्यांवरून काढलेली ही सरासरी आहे. आपल्या गायरानात तसंच होईल असं त्यातून निघत नाही, पण दिशा आणि वेग कळतो.

यात लोक तीन गोष्टी विसरतात. पहिलं, कर्ब वाढायला नत्र लागतं. मातीत दर दहा-बारा भाग कर्बामागे एक भाग नत्र असतं, म्हणजे एक टन कर्ब साठवायचा तर ऐंशी ते शंभर किलो नत्र कुठून तरी यायला हवं. म्हणून नुसतं गवत पुरत नाही, त्यात शेंगवर्गीय काहीतरी हवं. दुसरं, वाढ पहिल्या काही वर्षांत जास्त होते, मग मंदावते आणि थांबते. तिसरं, पुन्हा बेसुमार चराई झाली किंवा नांगर घातला की साठवलेलं निघून जातं, आणि जाताना येण्यापेक्षा लवकर जातं. इथल्या काही लोकांना वाटतं की कुरण सुधारलं म्हणजे गुरांचा सगळा दोष धुऊन निघाला. तसं नाही. गुरांच्या ढेकरांतून मिथेन जातोच, आणि गवत वाढलं म्हणून गुरं वाढवली तर मिळवलेल्यातलं काही त्यात जातं.

इथलं सगळं तिकडे चालणार नाही. सेराडोची माती आम्लधर्मी, म्हणून इथे आधी चुना आणि स्फुरद टाकावा लागतो. आपली काळ्या दगडाची जमीन, तिला चुन्याची गरज नाही. ब्रॅकियारियाही गायरानात आणू नका. पवना, मारवेल, डोंगरी, अंजन हे आपल्या मातीचं आणि आपल्या पावसाचं गवत आहे. आणि सगळ्यात मोठा फरक खोलीचा. इथे मीटरच्या मीटर माती आहे. आपल्याकडे वीतभरही नाही, की लगेच मुरूम.

त्या करारवाल्याच्या बोलण्याचा खरा हिशेब इथेच लागतो. दादाला कागदावर मांडून बघायला सांगा. माती पंधरा सेंटिमीटर धरू, घनता १.४ (घनमीटरला १.४ टन), कर्ब अर्धा टक्का. म्हणजे हेक्टरी साडेदहा टन कर्ब. वीस वर्षांत तो ०.८ टक्क्यांवर गेला, जी आपल्या मुरमाड जमिनीत फार चांगली प्रगती म्हणावी लागेल, तर होतो १६.८ टन. वाढ ६.३ टन. कार्बन डायऑक्साइडमध्ये मोजायचं तर ३.६७ ने गुणायचं, म्हणजे तेवीस टन. वर्षाला हेक्टरी सव्वा टनाच्याही आत. शंभर एकर म्हणजे चाळीस हेक्टर, त्याचे वर्षाला सेहेचाळीस टन. टनाला दहा डॉलर धरले तर साऱ्या गावाला वर्षाचे चाळीस हजार रुपयांच्या आसपास. यात मातीतले दगड मी वजा केलेले नाहीत. मातीचे नमुने, तपासणी, प्रमाणपत्र आणि मधल्या माणसाचा वाटा हे सगळं त्यातूनच जायचं. उरेल काय? आणि त्या बदल्यात वीस वर्षं हात बांधून घ्यायचे.

शिवाय गायरानाची मालकी शासनाची, ग्रामपंचायतीकडे ते गुरांच्या चराईसाठी सोपवलेलं. तलाठ्याकडून सातबारा काढून सभेत वाचून दाखवा. ग्रामपंचायतीला असा करार करायचा अधिकार आहे का, हे आधी तहसीलदारांना लेखी विचारायला हवं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सगळ्या राज्यांना सांगितलं होतं, तो निकालही दादाने वाचावा. सामायिक जमीन गावाच्या हातातून एकदा निसटली की परत मिळवताना पिढी जाते.

खड्ड्यांचं म्हणाल तर मला मनापासून भीती वाटते ती त्याचीच. पोकलेनने वीतभर मातीचा माळ उलटापालटा केला की थोडेफार ठोंब जिवंत आहेत तेही जातील आणि मुरूम वर येईल. रोपांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? आपल्या पूर्व भागात प्यायला टँकर येतो. माळरान हे तोडलेलं जंगल आहे असं धरून चालण्यात चूक आहे. आपल्या पावसात, इतक्या उथळ जमिनीवर तिथे गवतच मूळचं.

मग करायचं काय? गायरानाचे तीन वाटे करा. एका वाट्यावर जूनपासून दिवाळीपर्यंत एकही जनावर जाऊ द्यायचं नाही. बी पडून गेलं की विळ्याने कापून न्यायचं, घरटी पेंढ्या वाटून. बाकीचे दोन वाटे चराईला मोकळे. दोन-तीन वर्षांनी, ठोंब धरले की, दुसरा वाटा बंद करायचा. उताराला आडवे, समपातळीवर हातभर उंचीचे दगडी बांध घाला, दगड तिथेच आहे. पवना-मारवेलीचं बी ओढ्याच्या बाजूला आणि स्मशानभूमीच्या आवारात अजून मिळेल, तिथे गुरं जात नाहीत. ते पोरांकडून गोळा करून घ्या आणि पहिल्या पावसाच्या तोंडावर फेका. नत्रासाठी त्यात स्टायलो या शेंगवर्गीय चाऱ्याचं बी मिसळा, ते मुरमाड जमिनीतही धरतं आणि शेळ्या आवडीने खातात.

एक गोष्ट मात्र सांभाळा. सरसकट चराईबंदीचा ठराव होऊ देऊ नका. खालच्या आळीतल्या मावशीला जमीन नाही, तिच्या पाच शेळ्या याच माळावर जगतात. ज्यांच्या गोठ्यात मका आणि मुरघास आहे ते बंदीला हात वर करतील, आणि किंमत ती मोजेल. कापलेल्या गवतात पहिला वाटा बिगरजमिनीवाल्यांचा, हे ठरावातच लिहून घ्या. मेंढरांच्या वाड्यांनाही आधी निरोप द्या, म्हणजे ऐन पावसात भांडणं होणार नाहीत. हिवरे बाजारला चराईबंदी टिकली ती गावाने एकत्र बसून ठरवली म्हणून. वरून लादली असती तर रात्री गुरं सुटलीच असती.

पाऊस पडायच्या आत दादाने एवढं काम करून ठेवावं. तिन्ही वाट्यांत पाच-पाच जागा निवडायच्या, खुणेचा दगड रोवायचा आणि वरच्या पंधरा सेंटिमीटरची माती काढून मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यायची. सोबत कडीने ठरावीक आकारमानाची माती काढून, वाळवून तिचं वजन लिहून ठेवायचं. तुडवलेल्या जमिनीत तेवढ्याच खोलीत जास्त माती मावते, त्यामुळे वजन नसेल तर पुढची तुलना फसते. कडी कशी करायची त्याचं चित्र वेगळं पाठवतो, वेल्डिंगवाला पाइपाच्या तुकड्यातून करून देईल. पाच वर्षांनी त्याच दगडांपाशी पुन्हा मोजू. कर्बात तेव्हा फरक दिसेलच असं नाही, पण गवताच्या पेंढ्या मात्र दुसऱ्या वर्षापासून मोजता येतील, आणि फेब्रुवारीत विकत घ्यावा लागणारा कडबा किती वाचला तेही.

इथे आता पाऊस संपत आलाय, कोरडे महिने सुरू होतील. माझी तब्येत बरी आहे. आईला सांगा, ज्वारीचं पीठ मिळत नाही पण मक्याची भाकरी बरी जमते. तिच्या गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. ग्रामसभेत जे ठरेल ते त्याच दिवशी दादाला कळवायला सांगा, तिकडची रात्र झाली तरी चालेल, इथे तेव्हा दुपार असते.

तुमचा,
धाकटा