अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या नोगालेस गावच्या गाईडबाईंना

गाईडबाई, सप्रेम नमस्कार.

ॲरिझोना राज्यातली मेक्सिकोची सीमा दाखवणारे पुष्कळ आहेत. आमच्या मंडळाने आधी ज्यांना पैसे भरले, ते म्हणाले, "काही लागत नाही, नुसते या." भिंतीपुढे फोटो काढून त्यांनी परत आणलं. परतताना आय-१९ महामार्गावर ४२व्या किलोमीटरपाशी बॉर्डर पेट्रोलचा (सीमेवरच्या पोलिसांचा) नाका लागतो, हे सांगायचं राहिलंच. (या रस्त्यावर अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये आहेत, तेवढंच घरच्यासारखं.) सीमा न ओलांडणाऱ्यांनाही तिथे नागरिकत्व विचारतात. एच-१बी (नोकरीच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाजवळ पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद) नसेल तर पंचाईत होते.

तुम्ही प्रत्येकाला वेगळा निरोप धाडलात. पासपोर्ट मूळ आणा, फोनमधला फोटो नको. अमेरिकी व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. पासपोर्टातल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असेल, तर अमेरिकेत राहायच्या नुसत्या मंजुरीपत्रावर पलीकडे जायचं नाही.

आणि मॉर्ली अव्हेन्यूवर म्हणालात, "माझे गुडघे आज दुखताहेत, सोबतीला कोण थांबतं?" शिक्का संपलेले थांबले. का थांबले, हे कुणाला सांगावं लागलं नाही. मग त्याच गुडघ्यांनी तुम्ही त्यांना टेकाडावर नेऊन भिंत दाखवलीत! पाहुण्याची अडचण चारचौघांत काढू नये, हे आपल्याकडेही सगळ्यांना जमत नाही.

शिकवलंतही नेमकं. आधीची भिंत व्हिएतनाम युद्धातल्या हेलिकॉप्टर उतरवायच्या लोखंडी पत्र्यांची होती. २०११ मध्ये सिमेंट भरलेले पोलादी खांब आले. १९९४ पासूनच्या अमेरिकी धोरणाने शहरांतल्या चोरून सीमा ओलांडायच्या वाटा अडवल्या आणि येणारी माणसं वाळवंटात ढकलली गेली. तिथे ती का मरतात, हे तुम्ही पाण्याचा कॅन हातात देऊन समजावलंत: एक गॅलन म्हणजे पावणेचार किलो, उन्हाळ्यात एका माणसाला एका दिवसालाही अपुरा, आणि चाल कित्येक दिवसांची. कॅन काळा, कारण पांढरा उन्हात चमकून पहारेकऱ्यांना दिसतो. निळ्या झेंड्याखाली स्वयंसेवक पाण्याची पिंपं ठेवतात, तीही कुणीतरी फोडतं.

जून २०१९ मध्ये ॲरिझोनाच्याच सीमेवरच्या ल्यूकव्हिलजवळ भारतातली सहा वर्षांची मुलगी उष्म्याने गेली. आई पाणी शोधायला पुढे गेली होती. हे सांगताना तुम्ही आकडेवारी मधे आणली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

पुढच्या गटाची यादी पाठवतो आहोत. व्हिसाच्या तारखा वेगळ्या कागदावर आहेत, फक्त तुमच्यासाठी.