समाजमाध्यमांवरील मजकूर आणि कामगारांची बडतर्फी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोकुळ शिरगाव परिसरातील एका फौंड्रीत मोल्डिंग विभागातील धूळ ओढणारा पंखा बंद असल्याची तक्रार एका कामगाराने सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केली. त्यातली रागाच्या भरात लिहिलेली शेवटची ओळ तेवढी कापून तिचा स्क्रीनशॉट व्यवस्थापनाकडे पोहोचवला गेला आणि दुसऱ्या दिवशी त्या कामगाराला गेटवरूनच परत पाठवण्यात आले. आरोपपत्र नाही, चौकशी नाही. पंख्याचे काय झाले, हेही कोणी विचारले नाही.

समाजमाध्यमांवर काहीही लिहिण्याची मुभा कामगाराला असावी, असे माझे म्हणणे नाही. ग्राहकाच्या कास्टिंगचे ड्रॉइंग फेसबुकवर टाकणे किंवा वरिष्ठांविरुद्ध चिथावणी देणे हे गैरवर्तनच आहे, आणि अशाच चिथावणीखोर मजकुरावरून झालेली एका कामगाराची बडतर्फी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये योग्य ठरवली. मात्र त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने, व्हॉट्सॲप ग्रुपवर वरिष्ठांवर टीका करणाऱ्या एका बँक कर्मचाऱ्यावरील आरोपपत्र रद्द करताना, मनातली खदखद बोलून दाखवण्याचा त्याचा हक्क मान्य केला. चिथावणी कोणती आणि खदखद कोणती, हे पूर्ण संभाषण वाचल्याशिवाय ठरत नाही. ते वाचण्याची जागा म्हणजे खात्यांतर्गत चौकशी.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. राज्यात पूर्वी 50 कामगारांच्या आस्थापनेलाही स्थायी आदेश, म्हणजे गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि त्यावर कारवाई कशी करायची हे ठरवणारे लेखी सेवानियम, लागू होत. नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा 300 वर नेली. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील किती कारखान्यांत एवढे कामगार असतील? जिथे स्थायी आदेशांचे बंधन नाही, तिथे गैरवर्तन कशाला म्हणायचे हे मालकाच्या त्या दिवशीच्या मर्जीवर ठरते, आणि दाद मागायला निघालेल्या कामगाराचा रोजगार मात्र लगेच बुडतो.

त्यामुळे सहायक कामगार आयुक्तांनी येथील उद्योजक संघटना आणि कामगार संघटनांना एकत्र बसवून समाजमाध्यमांबाबतची नियमावली सोप्या मराठीत तयार करून घ्यावी आणि ती प्रत्येक कारखान्याच्या सूचना फलकावर लावली जावी. सुरक्षिततेविषयीची तक्रार हे गैरवर्तन ठरणार नाही, असे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असावे. तसेच पूर्ण संभाषण तपासल्याशिवाय आणि स्क्रीनशॉट देणाऱ्याची उलटतपासणी घेण्याची संधी कामगाराला दिल्याशिवाय कोणालाही कामावरून काढू नये.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी,
कोल्हापूर